निम्म्या किमतीचा विमा

‘‘ताई, कमीत कमी किती बसेल?’’

गेली वीसेक वर्षं मी हा प्रश्न ऐकतेय. साडीच्या दुकानात विचारावा तसा, अगदी सहज. दुकानदार साडी उलगडून दाखवतो, मी पॉलिसीचा कागद उलगडते, एवढाच काय तो फरक.

मी सांगलीत सर्वसाधारण विम्याची एजंट आहे. म्हणजे घर, दुकान, माल, गाडी, मशिनरी यांचा विमा. २००४ साली शंभर तासांचं प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि कामाला लागले. तेव्हा नात्यातले सगळे विचारायचे, ‘‘एलआयसीची एजंट झालीस का?’’ मी म्हणायची, ‘‘नाही हो, माणसाचा नाही, वस्तूंचा विमा.’’ त्यावर आमच्या एक मावशी म्हणाल्या होत्या, ‘‘अगो, माणूस जातं म्हणून विमा काढायचा. भिंती कुठं जातात?’’

भिंती कुठं जातात, ते पुढं कृष्णामाईनंच दाखवलं. २००५ मध्ये एकदा आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा. त्या दुसऱ्या वेळी आयर्विन पुलाजवळ पाण्यानं सत्तावन्न फुटांची पातळी ओलांडली. गावभाग, हरभट रोड, मारुती चौक, सगळीकडं पाणी. आज मी जी गोष्ट सांगणार आहे ती त्याच पुराची आहे. आणि मैत्रिणींनो, ती माझ्या चुकीचीही गोष्ट आहे.

मारुती चौकाजवळच्या एका बोळात आमच्या ओळखीच्या एका वहिनींचं शिवणकामाचं दुकान होतं. सुरुवात फॉल-पिकोपासून झाली. मग ब्लाउज, मग शाळांचे गणवेश. बघता बघता पाच मशीन झाली, दोन ओव्हरलॉक आली, हाताखाली चार बायका आल्या. तरी वहिनींचं बोलणं तेच, ‘‘आमचं काय ओ, घरबसल्या आपलं चाललंय.’’

त्या वर्षी विमा करायला गेले तेव्हा मी विचारलं, ‘‘वहिनी, एकूण माल-मशिनरी कितीची धरू?’’

‘‘चार लाखांची धरा. उगीच हप्ता कशाला वाढवायचा?’’

मी आजूबाजूला बघितलं. कापडाचे तागे छतापर्यंत गेलेले. गणवेशाचा माल अजून यायचा होता. चार लाखांत हे बसणार नाही, हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं. पण दुपारची वेळ, त्यांनी केलेला चहा समोर, आणि जास्त ताणलं तर बाई विमाच करणार नाही ही भीती. मी मान डोलावली आणि अर्जावर चार लाख लिहिलं. वाचलेला हप्ता वर्षाला हजार रुपयांच्या आतला होता.

ऑगस्टमध्ये दुकानात पाणी शिरलं ते काही दिवस हललंच नाही. ओसरल्यावर आम्ही शटर उघडलं तेव्हा चिखलाचा तो वास... आजही आठवला की पोटात कालवतं. मशीनच्या मोटारी गाळानं भरलेल्या, तागे कुजलेले. वहिनी काही बोलल्या नाहीत. पदर खोचला आणि फावडं हातात घेतलं.

सर्व्हेअर आले. त्यांनी खरेदीची बिलं पाहिली, बँकेला दिलेली स्टॉकची यादी पाहिली. पुराच्या दिवशी दुकानात आठ लाखांचा ऐवज होता, असं निघालं. भंगाराची किंमत वजा जाऊन नुकसान पाच लाखांचं.

हातात किती आले माहितेय? दोन लाख सदतीस हजार पाचशे.

वहिनी माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, ‘‘ताई, चार लाखांचा विमा होता ना? नुकसान पाचचं झालं. मग चार तरी मिळायला पाहिजेत की!’’

हा हिशेब प्रत्येकीनं समजून घ्यावा असा आहे. आठ लाखांच्या ऐवजाचा चार लाखांचा विमा, म्हणजे निम्म्याचा विमा. मग उरलेल्या निम्म्याची जोखीम कोणाची? कंपनी म्हणते, तुमची स्वतःची. म्हणून नुकसान कितीही होवो, कंपनी त्यातला निम्माच वाटा उचलते. पाच लाखांचे झाले अडीच. त्यातून त्या वेळच्या पॉलिसीप्रमाणे पुरासारख्या आपत्तीत पाच टक्के, निदान दहा हजार, विमेदारानं सोसायचे असत. ते साडेबारा हजार गेले. राहिले दोन लाख सदतीस हजार पाचशे.

विम्याच्या भाषेत याला ‘अ‍ॅव्हरेज’ची अट म्हणतात. मी बायकांना भिशीचं उदाहरण देते. भिशीत बाकीच्या हजार भरतात आणि एक बाई पाचशेच भरते. तिचा नंबर लागला की तिला इतरांएवढी पूर्ण रक्कम उचलून द्याल का? नाही ना? मग विमा म्हणजे तरी काय, हजारो लोकांची मोठी भिशीच. फक्त नंबर कोणाचा लागणार ते चिठ्ठीवर नाही, पाण्यावर आणि आगीवर ठरतं.

विमा आठ लाखांचा असता तर त्याच हिशेबानं वहिनींना पावणेपाच लाख मिळाले असते. हजारभर रुपये वाचवायला आम्ही दोघींनी मिळून सव्वादोन लाखांहून जास्त घालवले. दोघींनी म्हणते, कारण त्यांना हा नियम ठाऊक नव्हता. मला होता. परीक्षेत त्यावर मी बरोबर उत्तर लिहिलं होतं!

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. एजंटचं काम पॉलिसी खपवायचं नाही, प्रश्न विचारायचं आहे. आणि बाईचं काम हप्ता कमी करायचं नाही, खरा आकडा सांगायचं आहे. यातलं दुसरं काम आपल्याला जास्त जड जातं, हे मी अनुभवानं सांगते.

पुरुषाला विचारा, दुकानात माल किती? तो छाती फुगवून दोन लाख जास्तच सांगेल. बाईला विचारा. ती निम्मं सांगते. पापडाचं युनिट असो, पार्लर असो, मेस असो. ‘जोडधंदा’, ‘टाइमपास’, ‘आपला थोडासा हातभार’. त्या हातभारावर घराचे हप्ते फिटत असतात, पोरांच्या फिया जात असतात. पण आकडा मांडायची वेळ आली की आपण संकोचतो. विम्याच्या अर्जावरची रक्कम म्हणजे तुमच्या कष्टानं उभं केलेलं काय किमतीचं आहे, याची लेखी नोंद. तीच नोंद आपण निम्मी करतो, आणि संकटाच्या दिवशी कंपनी आपलाच आकडा आपल्याला वाचून दाखवते.

म्हणून आता मी पहिला प्रश्न ‘कितीचा’ हा विचारते आणि उत्तर आलं की तिथं थांबत नाही. ‘‘चला, मोजू या,’’ म्हणते. मशीन किती, आज नवं घ्यायला गेलं तर केवढ्याला मिळेल, सीझनला माल जास्तीत जास्त किती भरतो, सगळं वहीत लिहितो. नुकसान झाल्यावर जुन्या वस्तूचा घसारा वजा होणार की नव्या वस्तूची किंमत मिळणार, हेही पॉलिसी घेतानाच विचारायचं. विमा आपल्याला श्रीमंत करण्यासाठी नसतो. आदल्या दिवशी आपण जिथं होतो तिथं परत नेऊन ठेवतो, बस. म्हणून आकडा फुगवण्यातही अर्थ नाही. पाच लाखांच्या मालाचा दहा लाखांचा विमा केला तरी मिळणार पाचच.

मधल्या काळात नियमही थोडे सोपे झालेत. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची ठरावीक पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडं मिळते. एका जागी पाच कोटींपर्यंतचा ऐवज असेल तर ती चालते. त्यात विमा पंधरा टक्क्यांपर्यंत कमी भरला, तर कपात होत नाही. म्हणजे दहा लाखांच्या ऐवजाचा साडेआठ लाखांचा विमा असला तरी धकून जातं. पण आमच्या वहिनींसारखा निम्माच केला, तर ही सवलतही वाचवत नाही बरं का!

दुसरा प्रश्न ‘कोणाचं?’

हा प्रश्न विचारला की बायका हसतात. ‘‘कोणाचं म्हणजे? घरचंच की!’’ पण विम्यात घरचं असं काही नसतं. ज्या वस्तूचं नुकसान झालं तर ज्याच्या खिशाला खरोखर चाट बसते, त्यालाच तिचा विमा काढता येतो. शेजारणीच्या बंगल्याचा विमा मला काढता येत नाही, तिचा बंगला मला कितीही आवडू दे. आणि आपली वस्तू आपली आहे, हे कागदावर दिसावं लागतं.

माझ्या ओळखीत एकीनं स्वतःच्या बचतीतून पापडाचं मशीन घेतलं. बिल केलं दिराच्या नावानं, कारण दुकानदार त्यांच्या ओळखीचा. विमा हिच्या नावानं. शॉर्टसर्किटनं मशीन जळालं तेव्हा मशीन हिचंच हे सिद्ध करता करता नाकी नऊ आले. बँकेचे उतारे, दिरांचं लेखी पत्र, काय काय गोळा केलं. दीर भला माणूस म्हणून निभावलं. भाऊबंदकी असती तर? तेव्हा पैसे तुमचे असतील तर बिलही तुमच्याच नावाचं घ्या. यात कोणावर अविश्वास नाही. तो कागद तुमच्या कष्टाचा साक्षीदार आहे.

आणि ज्यांनी कर्ज काढलंय त्यांनी आजच बँकेत जाऊन एक गोष्ट विचारा, ‘‘माझ्या कर्जाबरोबर विमा आहे का? कितीचा? कुठल्या पत्त्याचा?’’ तारण ठेवलेल्या मालाचा विमा बँका करवून घेतात, पण त्याची प्रत कित्येकींनी पाहिलेलीच नसते. कधी विमा फक्त कर्जाच्या रकमेएवढाच असतो, ऐवज त्याच्या दुप्पट. कधी दुकान हलवलेलं असतं आणि पॉलिसीवर पत्ता जुनाच. पॉलिसी त्या पत्त्यावरच्या मालाची असते. नव्या जागेतला माल भिजला तर जुन्या पत्त्याची पॉलिसी काय कामाची?

घराचंही असंच. २०२१ पासूनच घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी फुटणं, हे सगळं त्यात येतं. यात जागेची किंमत धरायची नसते, फक्त बांधकामाचा खर्च. सहाशे चौरस फुटांचं घर आणि बांधकामाचा खर्च फुटाला दोन हजार धरला, तर बारा लाख झाले. इमारतीचा विमा केला की आतल्या सामानाला वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. आपल्या उदाहरणात दोन लाख चाळीस हजार. सामान त्याहून जास्त असेल तर यादी देऊन वाढवता येतं. भाड्यानं राहणाऱ्यांना नुसत्या सामानाचाही विमा काढता येतो. आणि घराच्या या पॉलिसीत ‘अ‍ॅव्हरेज’ची कात्री नाही.

मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, दागिने यात आपोआप येत नाहीत, ते वेगळे सांगून, मूल्यांकन करून घालावे लागतात. दोन, नुसती घरफोडी यात नाही. पूर-आगीसारखं संकट आलं आणि त्यामुळं पुढच्या सात दिवसांत चोरी झाली तर भरपाई मिळते. एरवीच्या चोरीसाठी घरफोडीचा विमा वेगळा. तीन, घराच्या पुढच्या खोलीत पार्लर किंवा दुकान असेल तर ते लपवू नका. धंद्याचा माल घरसामानात धरत नाहीत. विमा हा विश्वासाचा करार आहे, आणि त्यात लपवलेली गोष्ट नेमकी क्लेमच्या वेळी बाहेर येते.

आता तिसरा प्रश्न. हा विचारला की बायका दचकतात. ‘‘तुमच्यामुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर?’’

आपण विमा म्हटलं की आपल्या नुकसानीचाच विचार करतो. पण आपल्या हातून, आपल्या हलगर्जीपणामुळं किंवा आपल्या नोकराच्या चुकीमुळं दुसऱ्याला इजा झाली, तर कायद्यानं भरपाई आपण द्यायची असते. या जबाबदारीचाही विमा असतो. आपण रोज त्याचं नाव घेतो, पण अर्थ लक्षात घेत नाही. ते नाव म्हणजे थर्ड पार्टी! पहिला पक्ष आपण, दुसरा कंपनी आणि तिसरा पक्ष तो, ज्याला आपल्या गाडीचा धक्का लागला.

गाडीचा हा विमा कायद्यानं सक्तीचा आहे. तो आपल्या स्कूटीसाठी नसतो, रस्त्यावरच्या माणसासाठी असतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तो पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. इथंच गफलत होते. ‘‘पाच वर्षांचा विमा आहे की!’’ म्हणून बायका निर्धास्त राहतात. पण शोरूममधून मिळालेल्या पॉलिसीत बहुतेक वेळा पाच वर्षं फक्त थर्ड पार्टीची असतात आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण एकाच वर्षाचं. दुसऱ्या वर्षी गाडी पुरात बुडाली की मग कळतं. आज संध्याकाळी पॉलिसी काढून दोन्ही तारखा बघा.

आणि मुलाच्या आयांनो, क्लासला उशीर होतो म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात किल्ली देताना एक आठवा. परवाना नसलेल्या मुलाच्या हातून अपघात झाला तर कोर्ट अनेकदा कंपनीला सांगतं, जखमीला भरपाई द्या आणि ती गाडीमालकाकडून वसूल करा. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विमा चुकीला असतो, मुद्दाम मोडलेल्या कायद्याला नसतो.

आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅसलाही असा जबाबदारीचा विमा आहे, हे किती जणींना ठाऊक आहे? तेल कंपन्या ग्राहकांसाठी तो काढतात. वेगळा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. सिलिंडरच्या अपघातात मृत्यू झाला तर माणशी सहा लाख, उपचारासाठी माणशी दोन लाखांपर्यंत आणि एका अपघाताला एकूण तीस लाखांपर्यंत, तर नोंदवलेल्या पत्त्यावरच्या घराच्या नुकसानीला दोन लाखांपर्यंत तरतूद आहे. अपघात झाला की वितरकाला ताबडतोब लेखी कळवायचं. पण कनेक्शन सासऱ्यांच्या नावानं जुन्या वाड्यातलं आणि सिलिंडर वापरतोय नव्या फ्लॅटमध्ये, अशी स्थिती असेल तर पत्ता आधी बदलून घ्या. बघा, पुन्हा पत्त्याशीच आलो!

या जबाबदारीचा इतिहास आपल्या देशात फार दुःखाचा आहे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमध्ये विषारी वायू सुटला, हजारो माणसं गेली. नुकसान सोसणाऱ्यांना तातडीनं काही मिळायची सोय नव्हती. पुढं १९९१ मध्ये कायदा आला. घातक रसायनं ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त हाताळणाऱ्यांना सार्वजनिक दायित्वाचा विमा सक्तीचा झाला. चूक कोणाची हे सिद्ध व्हायच्या आधीच पीडितांना मदत मिळावी, हा त्यामागचा विचार. पण तो कायदा कारखान्यांसाठी. आपल्या मेसला, पार्लरला, पाळणाघराला कोणी सक्ती करत नाही. तिथं आपल्यालाच शहाणं व्हावं लागतं.

एक बाई मेस चालवतात, विद्यार्थ्यांची. मी त्यांना दायित्वाच्या विम्याबद्दल सांगितलं तर रागावल्या. ‘‘माझ्या हातचं खाऊन कोणी आजारी पडलंय का आजवर? आणि आपल्या गावात कोण कोणाला कोर्टात खेचतंय?’’

मी म्हटलं, ‘‘काकू, तुमच्या हाताबद्दल शंका नाही. पण पनीर तुम्ही घरी करत नाही. विकत आणता.’’

त्या गप्प झाल्या. चाळीस पोरांतली दहा जरी दवाखान्यात गेली, तर बिलं कोण भरणार? लहान गावात कोर्टात कोणी जात नाही हे खरं, पण पालक दारात येतात, आणि दुसऱ्या दिवशी मेस बंद होते. दायित्वाच्या विम्यात कायद्यानं द्यावी लागणारी भरपाई आणि कंपनीच्या संमतीनं केलेला वकिलाचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत मिळतो. खाण्यातून होणारी विषबाधा त्यात आहे का, हे मात्र वेगळं विचारून घालून घ्यायचं.

या पॉलिसीतली एक अट मला स्वतःलाच जड वाटते. कंपनीला न विचारता आपली चूक कबूल करायची नाही, भरपाईचं वचन द्यायचं नाही. आपली रीत तर अशी की काही झालं की आधी धावत जायचं आणि ‘चुकलं हो आमचं’ म्हणायचं. मग माणुसकी सोडायची का? मुळीच नाही. दवाखान्यात जा, डबा न्या, रात्रभर बसा. फक्त ‘एवढे पैसे देईन’ असं लिहून सही देऊ नका, आणि त्याच दिवशी कंपनीला कळवा. सोबत करणं आणि कागदावर कबुली देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक मला विम्यानं शिकवला.

हल्ली बऱ्याच मुली एजंट होतायत, मला आनंद वाटतो. त्यांना एकच सांगेन. ‘‘तुमच्या कमिशनमधलं थोडं सोडा की’’ असं म्हणणारी गिऱ्हाइकं रोज भेटतील. ते सोडायला १९३८ च्या विमा कायद्यानंच बंदी आहे, आणि ते बरंच आहे. कमिशन सोडून मिळवलेल्या गिऱ्हाइकाला आपण कडू सत्य सांगत नाही. मी तरी एका चहाच्या कपापुढं सांगू शकले नव्हते. आणि हप्ता ‘उद्या देते’ म्हणणारीला तिथंच स्पष्ट सांगा, पैसे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. आग उद्यापर्यंत थांबत नसते.

नुकसान झालंच तर काय करायचं? आधी माणसं सुरक्षित. मग फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. जे वाचवता येईल ते वाचवा. विमा आहे म्हणून हात बांधून बसलं तर तेही अंगाशी येतं. पण सर्व्हेअरनं बघण्याआधी भिजलेला माल फेकू नका. पालिकेनं फेकायलाच लावला तर फोटो आणि मोजदाद ठेवा. आता २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणं सर्व्हेअरनं पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर सात दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा, असं बंधन आहे. निर्णय पटला नाही तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडं जाता येतं. त्यांचं कार्यालय मुंबईत आहे तसं पुण्यातही आहे. फी नाही, वकील नाही. पन्नास लाखांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा ते करतात, आणि एकटीच्या मालकीच्या धंद्यालाही, सूक्ष्म उद्योगालाही ते दार उघडं आहे.

आमच्या वहिनी लोकपालाकडं गेल्या नाहीत. जायला जागाच नव्हती; कंपनीचा हिशेब बरोबर होता. चुकला होता तो आमचा आकडा. त्यांनी दागिने गहाण टाकून पुन्हा मशीन घेतली. दोन वर्षं माझ्याशी तुटकच बोलायच्या, आणि मी ते निमूट सोसलं.

मग एकदा त्यांचाच फोन आला. नूतनीकरणाची तारीख जवळ आली होती. गेले तर टेबलावर फाईल तयार. सगळी बिलं, सगळी त्यांच्या नावाची. सुनेनं मोबाइलवर प्रत्येक मशीनचा फोटो काढलेला. नव्या जागेचा पत्ता ठळक अक्षरात लिहिलेला.

मी अर्ज काढला आणि नेहमीप्रमाणं विचारलं, ‘‘वहिनी, कितीचा धरू?’’

‘‘ताई, या वेळी आकडा मी सांगते, तुम्ही लिहा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हप्ता किती ते शेवटी सांगा.’’